मदत हवी आहे: चिकन आणि गाजराचा तक्ता

ताई-दादांनो, सप्टेंबरच्या पोषण माहसाठी अंगणवाडीत मातांना दाखवायला एक तक्ता करतोय. 'चिकन बरं का गाजर?' हा प्रश्न दरवेळी येतोच. दोघांची कामं वेगळी, हे एका नजरेत कळलं पाहिजे.

१०० ग्रॅम कच्च्या गाजरात सुमारे ४१ कॅलरी, प्रथिनं जेमतेम १ ग्रॅम, तंतू ३ ग्रॅमच्या आसपास आणि भरपूर बीटा-कॅरोटीन (शरीरात त्याचं 'अ' जीवनसत्त्व बनतं). बी-१२ जीवनसत्त्व शून्य. तेवढ्याच शिजलेल्या, बिनकातडीच्या छातीच्या चिकनमध्ये १६५ कॅलरी, ३१ ग्रॅम प्रथिनं. तंतू अजिबात नाही, 'अ' जीवनसत्त्व नावापुरतं.

बऱ्याच तक्त्यांत कच्च्या चिकनचे आकडे शिजलेल्या वजनापुढे लिहिलेले असतात. शिजताना पाणी निघून साधारण पाव वजन घटतं, म्हणून कच्च्यात तीच प्रथिनं २२-२३ ग्रॅमच दिसतात. गाजराला मात्र चमचाभर तेलाची फोडणी हवीच, नाहीतर कॅरोटीन अंगी नीट लागत नाही.

आता अडचण. सप्टेंबरात आपल्याकडे गावचं गाजर नसतं, ते हिवाळ्यातलं. पितृपक्ष आणि नवरात्रात बऱ्याच घरी कोंबडी बंद. गाजराऐवजी शेवग्याचा पाला आणि लाल भोपळा, चिकनऐवजी अंडी किंवा तुरीचं घट्ट वरण दाखवावं म्हणतो. वरणात बी-१२ नाही, ती जागा दूध-दही भरेल का?

हाडांसकट एक किलो गावरान कोंबडीतून शिजल्यावर निव्वळ मांस किती निघतं, कोणी तोलून पाहिलंय का? आणि एका वाटी रश्शात किती फोडी धरायच्या? वाटीचं मापही सांगा.