सिव्हिलायझेशन ६ (साम्राज्य उभारायचा संगणकीय खेळ): आधी सेटलर (नवं शहर वसवणारं पथक) की आधी रोमवर हल्ला?

सोंगटी: राजधानी नदीकाठी. पूर्वेला चार टाइलवर (नकाशावरची घरं) टेकड्यांमधून वाहणारी दुसरी नदी, पश्चिमेला रोमची हद्द अगदी उशाशी. रोमचा नेता ट्रेजन, त्याच्या नव्या शहरांना एक इमारत फुकट मिळते, त्यामुळे तो पसरला की आवरायचा नाही. सेटलर काढू की धनुर्धारी?

तटबंदी: धनुर्धारीच! प्राचीन तट उभा राहिला की शहर स्वतःच बाण सोडायला लागतं, मग बसा डोकं धरून. गोफणवाल्याकडून रानटी टोळीतला एखादा सैनिक टिपून घ्या, धनुर्विद्येचं संशोधन झपकन पुढे सरकतं. तीन-चार धनुर्धारी मागे, दोन योद्धे पुढे. धनुर्धाऱ्याला शहरात शिरता येत नाही, तेव्हा योद्धे जपा. आणि सगळ्या बाजूंनी कोंडा, नाहीतर दर खेळीला ते शहर जखमा भरून काढतं. भलतं चिवट प्रकरण असतं.

हत्तीघोडा: रोमला लोखंड सापडायच्या आत उरका. लीजन (रोमचे खास तलवारधारी) आले की योद्ध्यांचा निभाव लागत नाही.

सोंगटी: आणि पूर्वेची नदी?

तटबंदी: ती कुठे पळून जातेय! पण दुसरा सेटलर तिथेच. गोड्या पाण्याजवळ हाउसिंग (शहरात किती वस्ती मावेल ते) ५, कोरड्या जागी २. राजधानी आणि नव्या शहराच्या मध्ये ३ टाइल सुटतात, म्हणजे दोन शहरांमधल्या अंतराच्या नियमातही बसतंय.