नुसती शिवी म्हणजे ‘ॲड होमिनेम’ नव्हे

तर्कदोषांबद्दल लिहिताना तुम्ही म्हटलंय की वादात कुणी अपशब्द वापरला की झालं ‘ॲड होमिनेम’. मला हे पटत नाही. नुसती शिवी हा उद्धटपणा. बोलणारा कोण आहे यावरून त्याचं म्हणणं खोडून काढलं, तर तो तर्कदोष. लॅटिनमध्ये ‘ॲड’ म्हणजे कडे, ‘होमिनेम’ म्हणजे माणूस. रोख मुद्दा सोडून माणसाकडे वळतो.

परवा आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका भाडेकरूंनी सांगितलं, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय, भिंतीला ओल आलीय. उत्तर आलं, "तुम्ही भाडेकरू, तुम्हाला काय करायचंय?" एकही अपशब्द नाही, अहो-जाहो सांभाळलेलं. तरी हे पक्कं ॲड होमिनेम, कारण व्हॉल्व्ह बघायला वर कुणी गेलंच नाही. त्या गृहस्थांचा पडलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

साक्षीदाराच्या खरेपणावर शंका घेणं मात्र दोष नाही. तिथे त्याचा शब्द हाच पुरावा असतो.

आणि इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक सतराव्या शतकात हाच शब्द वापरतो तो वेगळ्या अर्थाने: समोरच्याने स्वतःच मान्य केलेल्या गोष्टींतून त्याला पेचात पकडणं. जुनं काही वाचताना हे ध्यानात ठेवा.

‘पोस्ट हॉक’साठी, म्हणजे एकामागून दुसरं घडलं म्हणून पहिल्याला दुसऱ्याचं कारण मानण्याच्या तर्कदोषासाठी, तर आपल्याकडे कावळा बसायला आणि फांदी मोडायला आहेच, तेच वापरूया ना!