केमोसोबत मेलाटोनिन सुरू करावं का?

महालकर
मावशीला स्तनाचा कॅन्सर आहे, केमो सुरू आहे. अंधार पडला की मेंदूतली पीनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते, म्हणजे हे आपल्याच शरीरातलं संप्रेरक. १९९० च्या दशकात इटलीतल्या छोट्या चाचण्यांत केमोसोबत ते घेणारे रुग्ण जास्त जगले. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं रात्रपाळीला, म्हणजे अंधाराच्या वेळी उजेडात जागण्याला, 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. एवढं असून डॉक्टर ही गोळी का लिहून देत नाहीत? स्वस्त आहे म्हणूनच ना?

खामल्याची_फार्मासिस्ट
भाऊ, इटलीतल्या त्या चाचण्यांत गोळी कोणाला मिळते हे रुग्ण-डॉक्टर दोघांनाही ठाऊक होतं. कॅनडात नीट चाचणी झाली. फुप्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेले ७०९ रुग्ण, निम्म्यांना वर्षभर रोज रात्री २० मिलिग्रॅम, बाकीच्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. दोन वर्षांनी आजार उलटण्यात फरक शून्य. २०२१ मध्ये छापून आलंय.

महालकर
ताई, आजार पुढच्या टप्प्यात गेलेल्या रुग्णांना फायदा झाला असावा, असंही त्यातच लिहिलंय. ते का गाळलं?

खामल्याची_फार्मासिस्ट
गाळलं नाही. तो एका गटापुरता संकेत आहे, त्यावर वेगळी चाचणी व्हायला हवी. अन् ते फुप्फुसाचं, मावशींचा आजार वेगळा.

बुटीबोरी_नाइट
मी स्वतः रात्रपाळीवाला. रात्रपाळी वाईट, कबूल. पण म्हणून गोळी गिळली की ते भरून निघतं, हे कुठून काढलं? अन् काहून बाप्पा, पानठेल्यावर पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा दिवसभर गालात ठेवणारेच मला मेलाटोनिनच्या 'नॅचरल' गमीची (चघळायच्या गोळीची) लिंक पाठवतात!

धंतोली_आजोबा
नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे डोक्यातून काढा. इस्ट्रोजेनही शरीरातलंच आहे, आणि स्तनाच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये त्याचाच परिणाम रोखायला टॅमॉक्सिफेन देतात.

महालकर
मग केमोच्या दिवशी डेक्सामेथासोन देतात ते? तेही शरीरातल्या कॉर्टिसोल संप्रेरकाचंच भावंड. ते चालतं?

खामल्याची_फार्मासिस्ट
चालतं, कारण केमोच्या उलट्या त्यानं कमी होतात हे चाचण्यांत दिसलंय. मेलाटोनिननं फार तर झोप सुधारेल, त्यासाठी मागत असाल तर माझा विरोध नाही. पण रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय देऊ नका.

महालकर
झोपच तर लागत नाही तिला! रात्री तीनला उठून बसते. बाकी गोष्ट सोडा, सोमवारी ओपीडीत निदान झोपेसाठी विचारणारच.

खामल्याची_फार्मासिस्ट
डेक्सा घरीही दिलंय का, अन् किती वाजता घेतात? संध्याकाळी घेत असतील तर झोप त्यानंच उडते. बहुतेक ते सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात. सोमवारी आधी तेवढं विचारा.