सोलापुरात शुभार्थींनी आधी माईक धरावा की अर्ज लिहावा? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

पार्कचौक

10 ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की कॉलेजं आणि सेवाभावी क्लब एकच मागणी करतात: आजारातून सावरलेलं कोणीतरी बोलायला द्या. माझं मत असं, की या कामात नव्याने उतरणाऱ्या शुभार्थीने (आजार भोगलेल्या किंवा भोगत असलेल्या माणसाने) पहिलं वर्षभर माईकला हात लावू नये. आधी एक सरकारी खिडकी नीट शिकून घ्यावी आणि तिथे चार जणांची कामं करून द्यावीत.

बोललेलं परत घेता येत नाही. भाषणातला मिनिटभराचा तुकडा संध्याकाळपर्यंत गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. मग घरमालक, कारखान्यातला मुकादम, मुलीच्या सासरचे, सगळेच तो बघतात. 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 23 गोपनीयतेचा हक्क देतं आणि कलम 24 तो डिजिटल माहितीलाही लागू करतं. पण आपण होऊन चारचौघांत सांगितलेल्या गोष्टीला हे कलम फारसं वाचवू शकत नाही.

खिडकी कोणती, तर अपंगत्वाच्या दाखल्याची. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे आणि बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के अपंगत्व लागतं. मोजणी 'आयडियाज' मोजपट्टीने होते. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबींना प्रत्येकी 0 ते 4 गुण. शिवाय गेल्या दोन वर्षांत आजार किती महिने होता त्याचे 1 ते 4. बेरीज 7 झाली की माणूस 40 टक्क्यांत येतो.

बिघडतं ते इथे. तपासणीच्या दिवशी घरचे त्याला आंघोळ घालून, इस्त्रीचा शर्ट घालून आणतात. "जेवतो का?" विचारलं की "हो, सगळं करतो" म्हणतात. जेवायला चार हाका माराव्या लागतात हे लाजेपोटी कोणी सांगत नाही. बेरीज 5-6वर थांबते. जुने केसपेपर टाकून दिलेले असले तर महिन्यांचे गुणही कमी पडतात. म्हणून आधीच्या आठवड्याची रोजची नोंद चार मथळ्यांखाली एका पानावर लिहून न्यायची: आंघोळीला किती वेळा सांगावं लागलं, कामावर किती खाडे झाले, पाहुणे आले तेव्हा काय केलं. वाढवून मात्र काही लिहू नये. खोटेपणाने लाभ घेतला तर त्याच कायद्याच्या कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

हे पान कसं भरायचं ते आजार भोगलेला माणूस जितकं नेमकं सांगतो तितकं दुसऱ्याला जमत नाही. त्याच्या अनुभवाचा उपयोग मला इथे दिसतो.

रंगभवन

ठाम असहमत. एक दाखला एका घराला उपयोगी पडतो. पण "वेड लागलेल्याला काम देऊ नका" म्हणणारा मुकादम त्याने बदलत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी 2012 साली कलंक कमी करण्याच्या उपायांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. प्रौढांच्या बाबतीत नुसत्या माहितीपेक्षा आजारातून गेलेल्या माणसाशी झालेली भेट जास्त परिणामकारक निघाली, आणि व्हिडिओपेक्षा समोरासमोरची भेट सरस ठरली. माईक धरायचाच नाही, तर सगळ्यांत चांगलं हत्यार आपण घरीच ठेवून निघालो. अमेरिकेत क्लिफर्ड बिअर्स यांनी रुग्णालयात भोगलेलं 1908 साली जाहीर लिहिलं, आणि 1909 साली मानसिक आरोग्यासाठीची राष्ट्रीय समिती उभी राहिली. आधी तोंड उघडलं म्हणूनच ते झालं.

चूक होते ती श्रोते निवडताना. हुतात्मा स्मृती मंदिर भरवून पाचशे जणांपुढे बोलण्यापेक्षा वीस पोलीस शिपायांपुढे बोला. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत, रेल्वे स्टेशनवर भरकटलेला माणूस आधी त्यांनाच भेटतो. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 100 प्रमाणे त्याला 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं, लॉकअपमध्ये ठेवायचं नसतं. हे कलम वाचून दाखवणं वेगळं, आणि अशा वेळी मोठा आवाज, काठी, गर्दी याने डोक्यात काय होतं हे भोगलेल्याने सांगणं वेगळं.

बोलण्याची रीत अशी ठेवावी:

आठ ते दहा मिनिटं. त्यातली दोनच आजाराबद्दल, बाकी सगळी कशाने मदत झाली आणि समोरच्याने उद्यापासून काय करावं याबद्दल. आत्महत्येच्या प्रयत्नाचा उल्लेख आला तरी पद्धत आणि जागा सांगायची नाही. औषधाचा डोस सांगायचा नाही. नवरा, आई, डॉक्टर यांची ओळख पटेल असं काही नको, त्यांनी संमती दिलेली नसते. प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्यायचे आणि सोबत्याने चाळून द्यायचे, म्हणजे "आता परत आजार आला तर?" असा प्रश्न अंगावर येत नाही. आयोजकांकडून आधी लेखी घ्यायचं: फोटो काढणार का, चित्रीकरण करणार का, ते कुठे आणि किती दिवस ठेवणार, नको म्हटल्यावर कोण काढणार. सही मिळाली नाही तर जायचं नाही. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने एकेक फोन करायचा. बोलताना माणूस ठीक असतो, त्रास दोन-तीन दिवसांनी वर येतो.

पार्कचौक

कॉरिगनचा तोच अभ्यास पुढे काय सांगतो तेही लिहा ना. किशोरवयीनांमध्ये उलट निघालं, तिथे माहिती देणं जास्त परिणामकारक ठरलं. आणि आपल्याकडे मागणी येते ती बहुतेक शाळा-कॉलेजांतून. शिवाय मोजलं गेलं ते मुख्यतः लोकांचं मत आणि इरादा. मुकादमाने प्रत्यक्षात कामावर घेतलं का, हा वेगळा प्रश्न आहे.

बिअर्स येल विद्यापीठाचे पदवीधर होते, विल्यम जेम्ससारखा विचारवंत त्यांच्या पाठीशी होता. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराला ते उदाहरण लागू करू नका.

पोलिसांबद्दलचं मात्र पटलं. श्रोते वीस असतील, दार बंद असेल आणि फोन बाहेर ठेवलेले असतील, तर माझा विरोध नाही.

विडीघरकुल

तुम्ही दोघंही गृहीत धरताय की माणूस मोकळा आहे. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. यंत्रमागावरही जितकं कापड निघेल तितके पैसे. सकाळी 11 ते 1 बैठक म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. मग येतं कोण? पेन्शनवाले आणि पगारी रजा असलेले. त्यांचाच अनुभव सगळ्यांचा अनुभव म्हणून पुढे जातो.

त्यामुळे माईक की अर्ज हे ठरवण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा. मानधन बुडालेल्या मजुरीपेक्षा कमी नको, आणि ते त्याच दिवशी रोख द्या. शाल-श्रीफळाने चूल पेटत नाही. बैठकीची वेळ विड्या कारखान्यात देऊन बायका परतल्यानंतरची ठेवा. आणि भाषा बघा. पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड. मराठी पत्रक वाटून "जागृती झाली" म्हणतात, ते चूक आहे. 14416 या टेली-मानस हेल्पलाइनवर तेलुगू आणि कन्नडमध्येही बोलता येतं, एवढी एक ओळ त्या त्या लिपीत छापली तरी पत्रकाचा खर्च वसूल होईल.

सातरस्ता

उपचारांच्या बाजूने एक इशारा. शुभार्थी खिडकीवर बसला की पंधरा दिवसांत लोक विचारू लागतात, "तुम्हाला कोणती गोळी लागू पडली?" इथे "डॉक्टरांना विचारा" एवढंच बोलून गप्प बसणंही बरोबर नाही, आणि गोळी सुचवणं तर घातकच.

सोलापूरचंच उदाहरण घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा 40च्या वर असतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ घामावाटे गेलं की रक्तातलं लिथियम वाढतं. पाठ दुखते म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं की आणखी वाढतं. निर्जळी उपवास, रोजा, जुलाब, यांतही तेच. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, झोक जाणं, जीभ जड होणं, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. रक्ताची पातळी शेवटच्या गोळीनंतर साधारण 12 तासांनी तपासतात, म्हणून सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलं की आकडा फसवा येतो. ट्रायहेक्सिफेनिडिलने (मनोविकाराच्या औषधांनी येणारा ताठरपणा कमी करणाऱ्या गोळीने) घाम कमी येतो, त्यामुळे उष्माघाताची भीती वेगळीच.

धोक्याच्या खुणा, पाणी, तपासणीची वेळ, वेदनाशामकाबद्दल डॉक्टरांना विचारण्याची आठवण, इतकं शुभार्थीने जरूर सांगावं. डोस कमी-जास्त करणं, गोळी बदलणं, "मी बंद केली, मला काही झालं नाही", यातलं एकही वाक्य बोलू नये. ही सीमा लेखी करून खिडकीजवळ लावा. आणि जो दुसऱ्यांना मदत करतोय त्याचा स्वतःचा तपासणीचा दिवस बैठकीसाठी पुढे ढकलायचा नाही, हा नियम मोडू देऊ नका.

कंबरतलाव

सगळे शुभार्थींबद्दलच बोलताय. ज्याला आज बोलताच येत नाही त्याचं काय? 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एरवाडीला मनोरुग्ण ठेवलेल्या आश्रमात आग लागली आणि साखळदंडांत बांधलेली 28 माणसं गेली. अशांच्या वतीने शुभंकरांनाच, म्हणजे सांभाळणाऱ्या घरच्यांनाच उभं राहावं लागणार. रात्र रात्र जागणारे तेच, औषधाच्या रांगेत तेच. समितीवरची खुर्चीही त्यांनाच मिळायला हवी.

पार्कचौक

शुभंकरांचे कष्ट कोणीच नाकारत नाही. पण एरवाडीत आणून सोडणारेही बहुतेक घरचेच होते. थकलेले, गरीब, दुसरा उपाय न दिसलेले, सगळं मान्य. तरी सांभाळणाऱ्याची गरज आणि आजारी माणसाची इच्छा दर वेळी एक नसते.

खुर्चीचा हिशेब मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच बघा. कलम 46 प्रमाणे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणावर आजार असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी, शुभंकरांचे दोन आणि संस्थांचे दोन, असे वेगवेगळे आहेत. पण तक्रारी ऐकणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाच्या कलम 74 मध्ये सहापैकी दोन जागा 'आजार असलेल्या व्यक्ती किंवा शुभंकर किंवा संस्था' अशा एकत्र आहेत. दोन्ही खुर्च्यांवर संस्थावाले बसले तरी कायदा मोडत नाही. म्हणून नेमणुकीच्या वेळी दोनपैकी एक जागा शुभार्थीलाच द्या, अशी लेखी मागणी करायला हवी. ती करायला कोणाला आपली कहाणी सांगावी लागत नाही.

रंगभवन

त्या खुर्चीवर बसणाऱ्याला तरी सांगावीच लागेल ना! नेमणूकच 'आजार असलेली व्यक्ती' म्हणून होणार. न्यायाधीश आणि मनोविकारतज्ज्ञांसमोर ठामपणे बोलायची सवय वीस जणांच्या खोलीतच लागते. मंच आणि खुर्ची वेगळी करू नका.

कंबरतलाव, बोलता न येण्याच्या काळासाठी कलम 14 आहे. बरं असताना साध्या कागदावर प्रतिनिधीचं नाव लिहून सही किंवा अंगठा दिला की नेमणूक होते. नाव घरच्यांपैकीच असलं पाहिजे असंही नाही. एखाद्या घरात एवढा कागद करून दिला तरी मोठं काम झालं. मंडळाकडे तक्रार करायला कलम 77 प्रमाणे शुल्क नाही. वकील हवा असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात मोफत मदतीचा अर्ज करता येतो.

कंबरतलाव

कागदाचं चांगलं सांगितलंत. खुर्चीबद्दल माझं मत तेच आहे.

होटगीरोड

वाद चालू द्या, पण तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात औषधं संपतात त्याचं काय करायचं? पुढे कोणी यायला तयार नाही, नाव फुटेल म्हणतात.

पार्कचौक

माहिती अधिकाराचा अर्ज करा. कलम 6(2) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही, म्हणून आजाराचा उल्लेखच नको. शुभार्थीच्या नावानेही नको, कोणीही नागरिक सही करू शकतो. आपल्या राज्याच्या नियमांत मजकूर 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. "औषधं का संपतात?" असं विचारलं तर उत्तर मिळत नाही, नोंदीच मागायच्या. मसुदा:

"विषय: मनोविकारावरील औषधांचा साठा. कालावधी: मागील 12 महिने. रिसपेरिडोन, ओलान्झापाइन, लिथियम कार्बोनेट, सोडियम व्हॅल्प्रोएट व ट्रायहेक्सिफेनिडिल या प्रत्येक औषधाचा (1) प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा शिल्लक साठा, (2) साठा शून्य असलेल्या तारखा, (3) पाठवलेल्या मागणीपत्रांच्या व मिळालेल्या पुरवठ्याच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात."

सातरस्ता

औषधाच्या नावापुढे मिलिग्रॅमही लिहा. एका ताकदीची गोळी शिल्लक असली की साठा आहे असं उत्तर येतं, आणि रुग्णाला लागणारी दुसरीच असते.

रंगभवन

30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका, अपिलाला ती तारीखच लागते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी 5 दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे, "इथे चालत नाही" म्हणून परत घेऊन येऊ नका.