‘फ्लेवरचा बाऊ’ म्हणणाऱ्यांना सविस्तर उत्तर

खडू_फळा

परवा ‘दादरचा_तर्कट’ यांनी इथे लिहिले की सुगंधी तंबाखूचा बाऊ आता पुरे झाला, मुले पुदिन्याच्या वासाने नव्हे तर आईबापांच्या दुर्लक्षाने बिघडतात, आणि लहानपणी सिगारेटच्या आकाराच्या गोळ्या चघळणारी आपली पिढी काही सगळीच धूम्रपानाला लागली नाही. त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रांग पाहून राहवले नाही. मध्य मुंबईतल्या एका शाळेत मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळे हा विषय मला केवळ वर्तमानपत्रातून कळलेला नाही.

तंबाखू ही मुळात पोराला सोसणारी वस्तू नाही. पहिल्या झुरक्याला ठसका लागतो, पहिल्या चिमटीला तोंड पोळते, तंबाखू लागते, घेरी येते, उलटी होते. पूर्वी बरीच मुले याच पायरीवरून मागे फिरत, कारण पुढे जायचे तर तेच हाल पुन्हा सोसावे लागत. मेंथॉल थंडावा ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवते आणि धुराची जळजळ त्याखाली दडवते. व्हेपमधल्या, म्हणजे ई-सिगारेटमधल्या, निकोटिनला बेन्झॉइक आम्लासारख्या आम्लाची जोड दिली, की तीव्र मात्राही घशाला न टोचता आत जाते. वर आंब्याची किंवा कलिंगडाची चव असली तर आपण निकोटिन घेत आहोत हे मुलाच्या ध्यानातही येत नाही. वीस वर्षे सिगारेट ओढलेल्या माणसाचे कलिंगडावाचून काही अडत नाही. ते अडते नवशिक्याचे, आणि नवशिका बहुधा शाळा-कॉलेजातलाच असतो. त्या वयात मेंदूचा, विशेषतः आवर घालणाऱ्या भागाचा, विकास चालू असतो, म्हणून सवय लवकर जडते आणि उशिरा सुटते.

आता ‘आईबापांनी लक्ष द्यावे’ या सल्ल्याविषयी. लक्ष द्यायचे ते नेमके कशाकडे? विडीचा वास कपड्यांना धरून राहतो, साधी तंबाखू मळणाऱ्याचा तळहात आणि ओठ सगळे सांगून टाकतात. वेलची-पुदिन्याचा वास घेऊन मुलगा घरी आला तर आईला वाटते की याने बडीशेप खाल्ली. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा व्हेप त्याच्या आईने अभ्यासाच्या टेबलावर अनेकदा पाहिला होता आणि दर वेळी तो हायलायटरच समजला होता. ही बाई नोकरी सांभाळून रोज रात्री मुलाच्या वह्या तपासते. ज्या लक्षावर तुमची सगळी भिस्त आहे, त्यालाच चकवण्याचे काम हा सुगंध करतो, एवढेच मला सांगायचे आहे.

दादरचा_तर्कट

मॅडम, तास उत्तम झाला, परंतु माझा प्रश्न फळ्यावर तसाच राहिला. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली, २०१३ मध्ये सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारी तिच्या कक्षेत आली, कमला मिलमधल्या आगीत चौदा जण गेल्यावर २०१८ मध्ये हुक्का पार्लरांवर बंदी आली, २०१९ मध्ये केंद्राने ई-सिगारेटविरोधी कायदा केला, २०२० मध्ये राज्याने सुटी सिगारेट विकण्यास मनाई केली. यांपैकी एक तरी वस्तू तुमच्या शाळेपासून पायी जाण्याच्या अंतरावर मिळत नाही, असे छातीठोकपणे सांगा, मी पुढचा शब्द लिहिणार नाही.

शिवाय घबराट कशासाठी? १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात तंबाखू घेणाऱ्यांचे प्रमाण २००९ मध्ये १४.६ टक्के होते, ते २०१९ मध्ये ८.५ टक्क्यांवर आले. सुगंधांचा एवढा सुळसुळाट असताना ते घटले. माझे वडील बिनफिल्टरच्या सिगारेटी ओढत. मी कॉलेजात असताना त्यांनी मला समोर बसवून आपला खोकला ऐकवला आणि विषय संपला. या संवादाची जागा कोणताही अध्यादेश घेणार नाही.

खडू_फळा

प्रमाण ज्या दहा वर्षांत घटले, त्यांतल्या बंद्या तुम्ही स्वतःच वरच्या परिच्छेदात मोजून दाखवल्या आहेत. पहिल्या परिच्छेदात बंदी निरुपयोगी आणि दुसऱ्यात तिच्याच काळातली घट आपल्या पदरात, ही कसरत जमते कशी? त्याच सर्वेक्षणात मुलगे ९.६ टक्के आणि मुली ७.४ टक्के आहेत. प्रौढांत पुरुष ४२.४ आणि स्त्रिया १४.२ टक्के, असे २०१६-१७ चे सर्वेक्षण सांगते. मोठ्यांमधली दरी मुलांमध्ये जवळजवळ बुजली आहे, ती कशामुळे, याचाही विचार करावा.

दंतकथा

मी दंतवैद्य आहे. दोघेही निकोटिनवर भांडत आहात, म्हणून सुपारीची आठवण करून देतो. ‘मी तंबाखू खात नाही डॉक्टर, नुसती मीठी सुपारी’ असे सांगणारी सोळा-सतरा वर्षांची मुले माझ्याकडे येतात. त्यांना तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगतो, दोनच जातात. गालाच्या आतली त्वचा पांढुरकी आणि ताठ झालेली असते, तिखट लागले की आग होते. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात, पुढे त्याचा कर्करोग होऊ शकतो, आणि आखडलेले तोंड पूर्ववत करणारे औषध नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले. तरीही तिची चकचकीत पुडी वाढदिवसाच्या पाकिटातल्या चॉकलेटशेजारी मी पाहिली आहे. गोडाची सवय सुपारीपासून लागते आणि त्याच चवीची तंबाखू पुढच्या पायरीवर वाट पाहत असते. तर्कटसाहेबांच्या सिगारेटच्या आकाराच्या गोळ्यांत सुपारी नव्हती, हा फरक त्यांनी ध्यानात घ्यावा.

टपरीवाल्याचा_मुलगा

घाटकोपरला आमची पानपट्टी होती, तिच्यावर माझे शिक्षण झाले, आणि आज मी बँकेत आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या सज्जनांना काही गोष्टी सांगण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

गुटख्यावर बंदी आली तेव्हा एका पुडीच्या दोन पुड्या झाल्या. एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, आणि गिऱ्हाईक दोन्ही तळहातावर एकत्र करते. पानमसालाही बंदीत आहे, म्हणून तो आता दर्शनी भागात टांगलेला नसतो, इतकाच बदल. शाळेपासून शंभर यार्डांत विक्री नको, असा २००३ चा कायदा आहे. मुंबईत कोणत्याही शाळेपासून शंभर यार्डांपलीकडे असलेली मोक्याची जागा मला दाखवा. त्या कायद्याखाली अठराच्या आतल्या मुलाला विकले तर दंड दोनशे रुपये. तोच गुन्हा बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमात बसवला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. दोनशे रुपये आणि सात वर्षे यांच्यामधल्या मोकळ्या जागेत कोणाचे घर चालते, हे मी लिहिण्याची गरज नाही.

आणि मुले टपरीवर येतात कशी, तेही ऐका. ‘बाबांनी मागवली आहे’ असे म्हणत येतात, आणि बहुतेक वेळा ते खरेच असते. बाबांना चार जिने उतरायचा कंटाळा असतो. माझ्या वडिलांनी एका मुलाला परत पाठवले, तर त्याचे वडील बनियनवर खाली येऊन भांडले.

गिरणगावकर

शेवटी कोणीतरी घरात शिरले, बरे झाले. लालबागच्या ज्या चाळीत मी वाढलो, तिथे सकाळी तव्यावर मशेरी भाजल्याचा वास चहाच्या आधी येत असे. आई, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्या ती दातांना लावत. दुकानातून तंबाखूची पाने आणण्याचे काम आम्हा पोरांचे असे, आणि दाढ दुखली की ‘जरा मशेरी लाव, बरे वाटेल’ हाच उपचार. माझ्या धाकट्या बहिणीला प्राथमिक शाळेतच तिची सवय लागली. तिला कोणता सुगंध भुलवायला आला होता?

आपण व्हेपवर लेख लिहितो, कारण ती पार्ले-वांद्र्याच्या मुलांच्या हातात दिसते. वर उल्लेख झालेल्या २०१६-१७ च्या सर्वेक्षणातच महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आहेत आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपल्या राज्याचा रोग धुरात नाही, तो तोंडात आहे, आणि बऱ्याच घरांत आईच्या हातून येतो. पण तो गरिबांचा असल्यामुळे त्याच्यावर चर्चासत्रे होत नाहीत.

विलेपार्ले_पूर्व

हा प्रतिसाद अत्यंत आक्षेपार्ह आहे. ‘पार्ले-वांद्र्याची मुले’ म्हणजे काय? माझा पुतण्या पार्ल्याचाच आहे, त्याच्या क्लासबाहेर कोणी मोबाइलवरून मागवून व्हेप पुरवत असे, आणि तो सुटण्यासाठी त्या कुटुंबाने काय सोसले ते मी पाहिले आहे. मुलाचे फुप्फुस पत्ता विचारून खराब होत नाही. राहता राहिली मशेरी. माझी आजी रत्नागिरीची, ती नव्वदीपर्यंत मशेरी लावत असे आणि तिचा एकही दात पडला नव्हता. म्हाताऱ्या बायकांच्या एका विरंगुळ्यावर मुलांच्या व्यसनाचे खापर फोडू नका.

गिरणगावकर

आला, नव्वदीच्या आजीचा दाखला आला! याच मुंबईत १२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास होऊन २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले होते. तुमच्या आजींच्या दातांबद्दल आदर आहे, मात्र बाळाला दात नसतात.

विलेपार्ले_पूर्व

माझ्या आजीवर विनोद करण्याएवढी आपली ओळख नाही.

लोकल_७_४२

व्हेप, मशेरी, सुपारी, सगळे ठीक. पण दादरच्या पुलाच्या जिन्यावर आणि लोकलच्या दारात जी लाल पिचकारी मारली जाते तिच्याबद्दल कोणी बोलेल का? गेल्या आठवड्यात शाळेच्या गणवेशातल्या मुलाला चालत्या गाडीतून थुंकताना पाहिले. मी बोललो तर त्याने शांतपणे तोंड पुसून ‘काका, वेलची आहे’ असे उत्तर दिले. मोठमोठे नट पडद्यावर वेलचीच्याच नावाने जाहिराती करतात, मग मुलाने वेगळे काय सांगावे?

दंतकथा

मशेरीची चर्चा ‘घरातले म्हणून निरुपद्रवी’ या समजुतीपर्यंत आली आहे, म्हणून आणखी एक भर घालतो. २०१९ च्या ज्या विद्यार्थी-सर्वेक्षणाचा हवाला वर दोघांनी दिला, त्यात धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या मुलांपैकी ५२ टक्क्यांनी ती दहावा वाढदिवस येण्यापूर्वीच सुरू केली होती. नऊ वर्षांचे मूल मित्रांबरोबर नाक्यावर उभे राहत नाही. ते घरातला डबा उघडते, नाहीतर सामान आणताना स्वतःसाठी एक पुडी जास्त घेते. पार्ले-पूर्व यांना राग येईल, तरी आजींचा डबा कोणत्या फळीवर होता एवढे त्यांनी आठवून पाहावे.

दादरचा_तर्कट

म्हणजे फिरून सगळे माझ्याच दारात आले. आईबाप, घर, डबा, ‘बाबांनी मागवली आहे’. मी परवा हेच लिहिले होते, तेव्हा मात्र मी तंबाखू कंपन्यांचा वकील ठरलो.

खडू_फळा

तुम्ही घराचे दुर्लक्ष म्हणाला होतात. गिरणगावकर सांगतात ते दुर्लक्ष नव्हे, ती घराने हाताला धरून दिलेली दीक्षा आहे, आणि तिच्यावर पालकसभेतल्या उपदेशाचा काही परिणाम होत नाही, कारण उपदेश ऐकणारी आई स्वतः मशेरी लावून आलेली असते. घर हा धोक्याचा मोठा घटक आहे, हे मी नाकारलेलेच नाही. तंबाखू घेणारे पालक, घेणारे मित्र, शाळेच्या वाटेवरची टपरी, हातातला खाऊचा पैसा, परीक्षेचा ताण, पडद्यावरची वेलची, हे सगळे आहेच. परंतु यांतले जवळजवळ काहीही एका सहीने बदलता येत नाही. सुगंध मात्र कारखान्यात घातला जातो आणि कारखान्यातच थांबवता येतो. अमेरिकेने २००९ मध्ये मेंथॉल वगळता सिगारेटमधले सुगंध बंद केले, युरोपीय संघाने मे २०२० पासून मेंथॉलही बंद केले. आपल्याकडे सुगंधी सुपारीवर छापे पडतात आणि फिल्टरमधली गोळी दाबून पुदिन्याचा धूर देणारी सिगारेट कायदेशीरपणे, बिलासह विकली जाते.

टपरीवाल्याचा_मुलगा

हा मुद्दा पहिल्याच प्रतिसादात यायला हवा होता, मॅडम. ती गोळीवाली सिगारेट ठेवण्यासाठी दिवे लावलेली काचेची पेटी आमच्या टपरीवर कंपनीचा माणूस स्वतः बसवून गेला होता, तीही मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. तिच्यासाठी आमच्याकडे कधी कोणी पंचनामा केला नाही. पंचनामे पुडीचे झाले.

दादरचा_तर्कट

गोळीवाल्या सिगारेटवर बंदी आणा, माझी हरकत नाही; मी ओढत नाही, त्यामुळे हे औदार्य मला परवडते. फक्त ती बंदी राबवायला दोनशे रुपयांची तीच पावती घेऊन येणारा तोच माणूस असेल, तर मला सांगण्यापुरती जागा राखून ठेवा.

विलेपार्ले_पूर्व

डबा देवघराच्या खालच्या फळीवर होता. यावरून कोणी काही निष्कर्ष काढू नये. आणि गिरणगावकरांनी दातांचा विनोद मागे घ्यावा, ही माझी मागणी कायम आहे.

गिरणगावकर

विनोद मागे घेतला. १०५ ग्रॅम मागे घेता येणार नाहीत.