काल कोणी कुठला पिक्चर बघितला?

सोसायटीचा ग्रुप, कोल्हापूर
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

प्रज्ञा (बी-२०२), सकाळी ८:१२
काल रात्री आम्ही चौघं 'दशावतार' बघून आलो. घरी पोचायला साडेबारा वाजले, तरी झोप येईना. दिलीप प्रभावळकरांना ८१ वर्षं पूर्ण झालीत, हे आईनं सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं. अंगावर रंग, डोक्यावर मुकुट, आणि त्या जंगलात फिरतात कसे! अजून बघितला नसेल त्यांनी थेटरलाच बघा. मोबाईलवर यायची वाट बघू नका.

पाटील काका (ए-१०१), ८:२०
आमचा पुढच्या आठवड्यात बेत होता. पण उद्या घट बसले की अंबाबाईच्या गर्दीत गाडी बाहेर काढायची सोय नाही. आजच जावं म्हणतो. गोष्ट काय आहे? शेवट सांगू नकोस.

प्रज्ञा, ८:२४
काका, बाबुली मेस्त्री नावाचा दशावतारात काम करणारा म्हातारा. नजर अधू होत चाललीय. मुलगा म्हणतो आता बास करा, आणि ह्यांच्यानं रंगमंच सोडवत नाही. एवढंच सांगते. पुढं कोकणातलं जंगल आणि खाणीचा विषय येतो.

सावंत काका (ए-३०४), ८:५१
मी पहिल्याच दिवशी बघितला. आमचं गाव कुडाळजवळ, त्यामुळे मला राहवलं नाही.
प्रज्ञा, तू रंगाचं म्हणालीस म्हणून लिहितो. दशावतारी नट आपला रंग स्वतः लावतो. ट्रंकेच्या झाकणाला आरसा टेकवायचा, शेजारी दिवा, आणि तासभर एकट्यानं चेहरा रंगवायचा. लहानपणी आम्ही पोरं देवळामागं त्यांचं रंगवणं बघत उभी असायचो. तेवढा वेळ तो माणूस कोणाशी बोलायचा नाही. दिवसा शेतात राबणारा बाप्या रात्री द्रौपदी व्हायचा आणि बायका पदरानं डोळे पुसायच्या.
संवाद लिहिलेले नसतात. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण कोण काय होणार ते ठरतं, बाकी उभं राहिल्यावर ज्याचं त्यानं बोलायचं. पेटी, पखवाज, झांज. आधी गणपती, संकासुर वगैरे आड दशावतार, मग आख्यान, आणि उजाडताना दहीकाला. कार्तिकापासून एकेका गावाची जत्रा लागते, तेव्हा कंपनी रोज रात्री वेगळ्या देवळात.
नजर गेलेला माणूस हे सगळं कसं सोडणार, हा प्रश्न मला पिक्चरमध्ये सगळ्यात खरा वाटला. प्रभावळकर काही जन्मानं दशावतारी नव्हेत, पण उभं राहण्याची ढब त्यांनी बरोब्बर पकडलीय. माझ्या बायकोनं मध्येच माझा हात धरला, कारण मी रडत होतो.

पाटील काका, ८:५५
सावंत, आता जायलाच पाहिजे.

ओंकार (ए-३०२), ९:३०
मलाही आवडला, पण सगळा नाही. पहिल्या भागात बाप आणि मुलगा यांचं जे आहे ते एक नंबर. नंतर गोष्ट बदल्यावर जाते, तिथं मला लांबल्यासारखं वाटलं. 'वाळवी' बघा, २०२३ चा. परेश मोकाशींनी एक मिनिट वाया घालवलेलं नाही. मराठीत असं घट्ट बांधलेलं कमी असतं.

सावंत काका, ९:३६
ओंकार, तुझं म्हणणं कळलं. पण दशावतारात वध असतोच रे. संकासुर मारल्याशिवाय खेळ पुढं सरकत नाही. ते घटकाभराचं काम नव्हे, रात्रभराचं आहे. पिक्चरनं तीच चाल धरलीय असं मला वाटलं.

ओंकार, ९:४१
हे माहीत नव्हतं काका. मग परत एकदा बघतो त्या नजरेनं.

सेक्रेटरी, ९:४५
सूचना: पाण्याच्या मोटारीचं काम असल्यानं ११ ते १ पाणी बंद राहील. आज सर्वपित्री आहे, घराघरांत स्वयंपाक जास्त आहे हे माहीत आहे. कृपया आत्ताच भरून ठेवा.

शोभा वहिनी (ए-२०३), ९:४७
भरलं. अळूची पानंपण धुऊन घेतली.

कुलकर्णी सर (सी-३०१), १०:०५
तुम्ही सगळे नवीन बघताय. मी गेल्या आठवड्यात पुन्हा 'साधी माणसं' लावला. १९६५ चा, भालजी पेंढारकरांचा. आपल्या गावचा पिक्चर. जयश्री गडकर आणि सूर्यकांत, लोहार नवराबायको. ती भाता ओढते आणि तो घण घालतो. दोघांच्या कामाला जी लय आहे, तीच 'ऐरणीच्या देवा तुला' या गाण्यात आहे. शब्द जगदीश खेबुडकरांचे, तेही आपल्याच कोल्हापुरात शिक्षक होते. संगीत 'आनंदघन', म्हणजे स्वतः लताबाई. त्यांना राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आनंदघन कोण हे बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं, आणि लताबाई समोर शांत बसून होत्या.
श्रमाचं एवढं देखणं चित्रण मी नंतर फारसं पाहिलेलं नाही. नातवाला दाखवला, तो म्हणाला, आजोबा, काळापांढरा आहे हे दहा मिनिटांत विसरायला झालं.

शोभा वहिनी, १०:२२
आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि माझ्या जावेनं, जूनमध्ये 'जारण' बघितला होता. अमृता सुभाष! अंगावर काटा. करणीबिरणीचा पिक्चर म्हणून गेलो, आणि बाहेर पडताना त्या बाईच्या मनाचं काय झालंय याचाच विचार. लहानपणी बसलेली भीती मोठेपणी कुठून वर येते ते तिनं डोळ्यांनी दाखवलंय. माझी जाऊ दोन दिवस गप्प होती.

डॉक्टर (सी-१०२), ११:१०
शोभा वहिनी, तुम्हाला अमृता सुभाष आवडते तर 'अस्तु' नक्की बघा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. ६१ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत अमृताला त्यासाठी सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला होता, आणि संवादांसाठी भावेबाईंना. मोहन आगाशे निवृत्त संस्कृत पंडित आहेत, आठवण जात चाललेले. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, त्यामुळे एकही हावभाव खोटा नाही. आज मुद्दाम आठवण करतोय, कारण २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन.

शोभा वहिनी, ११:१८
डॉक्टर, तो बघितलाय! त्यात ती माहुताची बायको आहे, चन्नम्मा. निम्मं कन्नड, निम्मं मराठी. मी मूळची निपाणीची, माहेरी आम्ही असंच बोलतो. तिला त्या पंडितांचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. दारी आलेला माणूस उपाशी आहे, एवढंच तिला दिसतं. आमची आजी कोणीही आलं की आधी 'ऊटा आयता?' विचारायची, जेवण झालं का. नाव नंतर. मला चन्नम्मात आजी दिसली.

अनुराधा (बी-१०४), १२:३४
मी ग्रुपवर फारशी बोलत नाही. पण 'अस्तु'चं नाव निघालं म्हणून लिहिते.
त्यात मुलगी वडिलांना गाडीत बसवून खरेदीला जाते आणि ते हत्तीच्या मागं निघून जातात. तो प्रसंग आला तेव्हा मी टीव्ही बंद केला होता. कारण गेल्या वर्षी मी आबांना गाडीत बसवून बँकेत गेले होते. दहा मिनिटांचं काम होतं. परत आले तर दार उघडं. त्या दिवशी तुमच्यातले निम्मे लोक रंकाळ्यापासून रेल्वे स्टेशनपर्यंत स्कूटरी घेऊन फिरले, ते मी विसरलेले नाही. आबा सापडले ते एका भाजीवालीजवळ. तिनं त्यांना पोत्यावर बसवलं होतं आणि चहा दिला होता. मी धावत गेले तर ती मलाच म्हणाली, घाबरू नको, बाबा मटार सोलून देत्यात मला.
तिचं नाव विचारायचं राहून गेलं. नंतर दोनदा गेले, ती त्या जागी नव्हती.
पिक्चर मी महिन्याभरानं पूर्ण बघितला. त्यानंतर मी आबांना 'मी कोण सांगा बघू' असं विचारायचं बंद केलं. रोज विचारायचे मी. वाटायचं, विचारत राहिलं की टिकेल. त्यांना परीक्षेला बसवल्यासारखं होत होतं, हे मला चन्नम्माकडं बघून कळलं. ती काहीच विचारत नाही. भरवते, बोलते, सोबत बसते.

डॉक्टर, १२:४०
अनुराधा, अगदी बरोबर करते आहेस. आठवण तपासत राहिल्यानं आठवण परत येत नाही, माणूस मात्र बावरतो. ते जे बोलतात त्या धाग्यानं आपण जायचं. खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवतेस ना?

अनुराधा, १२:४३
हो डॉक्टर. सदऱ्याच्या आत शिवूनच टाकलीय. चिठ्ठी ते काढून टाकायचे.

प्रज्ञा, १२:४९
अनुराधाताई, तू शेवटचा पिक्चर थेटरला कधी बघितलास?

अनुराधा, १२:५८
'बाईपण भारी देवा'. २०२३ च्या पावसाळ्यात, माहेरच्या सगळ्या जणी गेलो होतो. मंगळागौरीचे खेळ बघून आत्या खुर्चीतच फुगडीचा ताल धरत होती. त्यानंतर आबांचं वाढलं. आम्ही दोघं एकत्र बाहेर पडत नाही. एक जण घरी लागतोच, आणि संध्याकाळी तर दोघंही लागतो. दिवे लागले की ते घरात असूनही घरी जायचं म्हणतात.

पाटील काका, १:०४
अनुराधा, आज साडेसहाच्या शोला मी आणि तुझी काकू जातोय. तुम्ही दोघं पण चला. आबांजवळ बसायला इथं माणसं नाहीत का?

शोभा वहिनी, १:०६
मी बसते. नैवेद्य झालाय, संध्याकाळी मला काही काम नाही.

कुलकर्णी सर, १:०९
मीही येतो.

अनुराधा, १:२०
वहिनी, तुम्ही म्हणालात हेच खूप आहे. पण ते सातनंतर फार अस्वस्थ होतात. दाराशी जातात, कडी वाजवतात. तुम्हाला त्रास होईल. त्यांनी कोणाला काही बोललं तर मला वाईट वाटेल.

शोभा वहिनी, १:२३
माझ्या सासऱ्यांचं मी सहा वर्षं केलंय. बोलू देत काय बोलायचं ते. तू फक्त काय काय करायचं ते लिहून पाठव.

सावंत काका, १:२५
मी जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतो. खाली जाणार नाहीत.

ओंकार, १:२७
ताई, दोन तिकिटं काढली. जे आणि के रांगेत जागा नव्हती, एफ मिळाली. पैसे नंतर बघू.

अनुराधा, १:५२
तुम्ही सगळे कसले आहात. बरं, लिहिते.
जेवण साडेसातला. भात मऊ, आमटी फार गरम नको. चमचा हातात दिला की स्वतः खातात, भरवायला गेलं तर रागावतात. खीर आवडते. पाण्याचा पेला स्टीलचा, काचेचा नको.
घरी जायचं म्हणाले तर 'हेच घर आहे' म्हणू नका. 'जाऊ या, आधी चहा घेऊ' म्हणा. चहापर्यंत विसरतात.
कडी वरची घाला, ती त्यांना दिसत नाही.
कुलकर्णी सर, तुमचं सकाळचं वाचून मला भरून आलं. आबांनी ३१ वर्षं उद्यमनगरात फाउंड्रीत काम केलंय. माझं नाव त्यांना आठवत नाही, पण 'ऐरणीच्या देवा' लागलं की हात गुडघ्यावर ताल धरतो. फारच अस्वस्थ झाले तर ते लावा.

कुलकर्णी सर, १:५५
माझ्याकडं रेकॉर्ड आहे, आणि ती वाजवायचं यंत्रही चालू आहे. दोन्ही घेऊन येतो.

सेक्रेटरी, २:१५
मोटारीचं काम झालं. पाणी सुरू आहे.

प्रज्ञा, संध्याकाळी ६:०८
पाटील काकांच्या गाडीतून चौघं निघाले. अनुराधाताईनं ती हिरवी साडी नेसलीय. दोनदा परत वर गेली होती, मीच खाली आणली.

अनुराधा, ७:५०
इंटर्वल. आबा?

सावंत काका, ७:५१
बरे आहेत. मोबाईल बंद कर आणि पिक्चर बघ.

अनुराधा, रात्री ९:२२
सुटला. आता गाडीत बसलो. प्रज्ञा, तू म्हणालीस ते खरं आहे. सावंत काका, ते रंग लावतात तेव्हा मला आबांचे हात आठवले. दाढी अजून स्वतःची स्वतः करतात ते. आरशासमोर बसले की कोणाशी बोलत नाहीत.

शोभा वहिनी, ९:२६
सावकाश या. आबा जेवले. भात आमटी थोडी, खीर दोन वाट्या. सव्वासातला घरी जायचं म्हणाले, चहा केला, बसले. मला 'आक्का' म्हणून हाक मारली, मी ओ दिली. तेव्हापासून आक्काच म्हणतायत. गाणं पाच वेळा झालं, सर आत्ता सहाव्यांदा लावतायत. आबांचा डोळा लागतोय, तेव्हा बेल वाजवू नका, खाली आलात की फोन करा. मी कडी काढते.