मदत हवी आहे: आईच्या गुडघ्यांसाठी हळद-मिरी किती द्यायची?

कैरीचं_पन्हं
आईचे गुडघे फार दुखतात. जिना उतरताना भिंत धरते, रात्री कूस बदलली तरी कळ येते. हळद आणि मिरी एकत्र घेतली की गुण येतो असं सगळीकडे वाचलं. मला फक्त प्रमाण हवंय. हळद किती, मिरी किती, दुधात की कोमट पाण्यात, जेवणाआधी की नंतर. 'डॉक्टरांना विचारा' असं कृपया लिहू नका, जाऊन आलोय. पेनकिलर अजिबात नको म्हणाले आणि एक मलम दिलं, त्याने काडीचा फरक नाही. सध्या हळदीच्या कॅप्सूल चालू आहेत, पण त्या महाग पडतात. उद्या भाऊ चिपळूणला निघतोय, त्याच्याबरोबर पूड पाठवायची आहे. तेव्हा लवकर सांगा.

खलबत्ता
पाव चमचा हळद, दोन चिमटी मिरी, अर्धा चमचा साजूक तूप, कपभर दुधात उकळून रात्री. तूप विसरू नका, हळद नुसत्या पाण्यात अंगी लागत नाही. मिरी ताजी कुटायची. माझ्या सासूबाई घेतात, आता पंढरपूरला चालत जायच्या गोष्टी करतात.

हरिपूरकर
पूड विकतची घेऊ नका. रंग खुलावा म्हणून काय काय मिसळतात, लेड क्रोमेटसुद्धा सापडलंय. म्हणजे गुडघा राहिला बाजूला, अंगात शिसं. हळकुंडं घ्या, राजापुरी घ्या, समोर दळून घ्या. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, उगाच नाही. आमच्या हरिपूरला पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही की काही नाही. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली.

वसमतचा_पाहुणा
हळद फक्त सांगलीतच पिकते का हो? हिंगोलीकडे येऊन बघा एकदा.

सरळरेषा
ताई, आईंचं वय किती? बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत? कॅप्सूलवर काय लिहिलंय?

कैरीचं_पन्हं
वय ६८. बीपीची आणि शुगरची गोळी आहे, ती या वयात सगळ्यांनाच असते. कॅप्सूलवर कर्क्युमिन (हळदीतला मुख्य घटक) ५०० मिग्रॅ, ९५ टक्के, पिपरिन (मिरीतला) ५ मिग्रॅ असं आहे. सकाळ-संध्याकाळ एकेक. @खलबत्ता धन्यवाद, पण पाव चमचा म्हणजे चहाचा चमचा ना?

सरळरेषा
थांबा. साध्या हळदीत कर्क्युमिन ३ टक्क्यांच्या आसपास असतं. दोन कॅप्सूलमध्ये मिळून ९५० मिलिग्रॅम. तेवढं हळदीतून मिळवायचं तर रोज ३० ग्रॅमच्या वर हळद लागेल, म्हणजे साधारण दहा चहाचे चमचे. त्यामुळे 'कॅप्सूलऐवजी घरची पूड' हा हिशोबच जुळत नाही. आणि 'आपण पिढ्यान् पिढ्या हळद खातो' हे कॅप्सूलला लावू नका. एवढी हळद कुणाच्या पणजीनेही खाल्लेली नाही.

खलबत्ता
हिशोबाने गुडघे बरे होत नाहीत, सरळरेषा. अनुभव बोलतो.

सरळरेषा
सासूबाई पंढरपूरला गेल्या का, की अजून गोष्टीच चालू आहेत?

टिळकरोड
हळदीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेने १९९५ मध्ये देऊन टाकलं होतं! डॉ. माशेलकरांच्या सीएसआयआरने, म्हणजे आपल्या सरकारी संशोधन संस्थेने, जुने संस्कृत दाखले पुढे केले आणि १९९७ मध्ये ते रद्द करायला लावलं. आपल्या पोरांना हे शाळेत शिकवलं पाहिजे.

सोनचाफा
कपड्यावरचा हळदीचा डाग साबणाने लाल झाला तर घाबरू नका. हळद आणि चुना एकत्र केला की लाल होते, तसंच ते. कपडा स्वच्छ धुऊन कडक उन्हात टाका, डाग आपोआप उडतो. पांढऱ्या सदऱ्यावर दोन उन्हं पुरतात.

कैरीचं_पन्हं
कोणी डाग विचारलाय का? आणि पेटंट?

ऑकलंडची_मावशी
मी इथे औषधांच्या दुकानात काम करते, म्हणून विचारते. पेनकिलर 'अजिबात नको' का म्हणाले? किडनी, अल्सर, की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?

कैरीचं_पन्हं
अहो, तिचा हार्टचा व्हॉल्व्ह बदललाय ना, मेटलचा. मागच्या धाग्यात सगळं लिहिलं होतं की. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालूच आहे, ती कायमचीच आहे. म्हणून तर पेनकिलर चालत नाही आणि म्हणून तर नैसर्गिक काहीतरी बघतेय. त्या गोळीचा हळदीशी काय संबंध?

ऑकलंडची_मावशी
सगळा संबंध तोच आहे गं. या कॅप्सूलने वॉरफरिनचा असर वाढू शकतो. वर त्यातलं पिपरिन बाकीच्या औषधांचं शरीरातलं गणित बदलतं. इथे न्यूझीलंडमध्ये २०१८ साली औषध नियामकाने याचीच सूचना काढली होती. वॉरफरिनवर व्यवस्थित असलेल्या पेशंटने हळदीचं औषध सुरू केलं आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा तपासणीतला आकडा, १० च्या वर गेला; तो जितका जास्त तितका रक्तस्रावाचा धोका. आईंचा आयएनआर शेवटचा कधी झाला? अंगावर निळे-काळे डाग? नाकातून, हिरड्यांतून रक्त? शी काळी होते का?

निसर्गमित्र_५५
म्हणजे हळद रक्त पातळ करते हे सिद्धच झालं! मग ती रासायनिक गोळी कशाला? गोळी बंद करा, हळद चालू ठेवा.

ऑकलंडची_मावशी
असलं काही लिहू नका हो, कुणाचा तरी जीव जाईल. धातूच्या व्हॉल्व्हवर वॉरफरिन मनाने थांबवली तर गुठळी होते. व्हॉल्व्ह अडकतो किंवा गुठळी मेंदूत जाते. गोळी बंद नाही, डोस कमी-जास्त नाही. थांबवायची ती कॅप्सूल, आणि तेही डॉक्टरांच्या कानावर घालून, कारण डोस त्यांना बघावा लागेल.

सरळरेषा
+१. अ‍ॅडमिन, निसर्गमित्रांचा प्रतिसाद उडवा.

कैरीचं_पन्हं
आयएनआर गणपतीच्या आधी झाला होता, तेव्हा बरोबर होता. कॅप्सूल त्यानंतरच्या. आत्ता वहिनीला फोन केला. दंडावर एक मोठा निळा डाग आहे, आई म्हणते कडी लागली. हिरड्यांतून रक्त येतं, पण ती मिश्री लावते, त्यामुळे आम्हाला काही वाटलं नाही. शी नेहमीसारखीच आहे.

ऑकलंडची_मावशी
उद्यापर्यंत थांबू नका. ज्यांनी व्हॉल्व्हचं बघितलं त्यांना आत्ता फोन करा आणि 'हिरड्यांतून रक्त आणि हळदीची कॅप्सूल' हे दोन्ही एकाच वाक्यात सांगा. डोकं खूप दुखलं, पडल्या, उलटीत रक्त दिसलं, तर फोन नको, थेट हॉस्पिटल. आणि ते मलम कुठलं? विंटरग्रीनचा, झोंबरा वास येणारा बाम चोळत असतील तर तोही बंद. त्यातलं मिथाइल सॅलिसिलेट कातडीतून जाऊन वॉरफरिनला जोर देतं.

खलबत्ता
मलम नको, कॅप्सूल नको, दूध नको. मग त्या माउलीने करायचं तरी काय?

ऑकलंडची_मावशी
आयएनआर ठिकाणावर आला की फिजिओथेरपिस्टकडे जा. खुर्चीत बसून एक पाय सरळ उचलून धरायचा, मांडीचा स्नायू भरला की गुडघ्यावरचा भार उतरतो. संडासात कमोड नसेल तर आधी तो बसवा. गरम पाण्याची पिशवी धरा, पण शुगर आहे तेव्हा पाण्याचा चटका आधी दुसऱ्याने हाताने बघायचा. पॅरासिटामॉलसुद्धा विचारूनच, रोज घेतली तर तीही आयएनआर वाढवते.

कैरीचं_पन्हं
डॉक्टरांशी बोलणं झालं. लगेच आयएनआर करायला सांगितलंय, वहिनी आत्ताच लॅबमध्ये घेऊन गेली. आजची वॉरफरिन रिपोर्ट कळवल्यावर, त्यांना विचारूनच द्यायची. कॅप्सूल बंद. बाम निघाला तसलाच, हिरवा. आता आई विचारतेय, आमटीत तरी हळद घालायची का.

ऑकलंडची_मावशी
घाला की, रोजच्याएवढी. पालेभाज्याही एकदम बंद नको नि एकदम वाढवू नको. त्यातल्या के जीवनसत्त्वाने आकडा उलट्या बाजूला हलतो. रिपोर्ट इथे टाक, मी जागी आहे.

हरिपूरकर
आमटीसाठी हवी असेल तर भावाला कराडवरून जायला सांगा. तिथे कुणाकडे तरी किलोभर ठेवतो.

वसमतचा_पाहुणा
डोंबिवलीहून चिपळूणला कराडवरून कोण जातं?

कैरीचं_पन्हं
मी डोंबिवलीत राहते हे तुम्हाला कसं माहीत?

वसमतचा_पाहुणा
मागच्या धाग्यात तुम्हीच लिहिलं होतं.